वना सरांचं साल

आमच्या कॉलेजात शिकवणं सोडून सगळं चालतं. हे मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणते, म्हणून मला कुणी चहाला हाक मारत नाही. नका मारू. मी कुंदा, राज्यशास्त्राची. माझ्या पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर शंभराच्या वर नावं आहेत आणि बाकांवर कधी नऊ डोकी, कधी चार. बाकीची मंडळी थेट परीक्षेला उगवतात आणि मलाच विचारतात, "मॅडम, तुम्ही नवीन आल्या का?"

दोंडाईच्यापासून आत, कापसाच्या शेतांमध्ये ही आमची इमारत उभी आहे. दारातच संस्थेच्या अध्यक्षांचा, बन्सीलाल आबांचा, भला मोठा फोटो आहे. लायब्ररीतल्या सगळ्या पुस्तकांवर मिळून जेवढं फडकं फिरत नाही तेवढं त्या एका फोटोवर फिरतं. प्राचार्य फोटोकडे बघून बोलतात, लेक्चरर प्राचार्यांकडे बघून बोलतात आणि पोरं मोबाइलकडे बघतात. असा सगळा कारभार.

सांगायचंय ते वना सरांबद्दल. प्राध्यापक वना भिकन पाटील, गणित. हा माणूस मला वर्षानुवर्षं आवडला नाही. कारण सांगते. त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. इलेक्शन ड्युटी? बरं. सुट्टीच्या दिवशी सुपरव्हिजन? बरं. आबांच्या पुतण्याच्या लग्नात वाढायला उभं राहायचं? तेही बरं. मागून लीलाधर सर, आमचे रसायनवाले, त्यांच्या चालण्याची नक्कल करायचे आणि स्टाफरूम खिदळायची. वना सर स्वतःही हसायचे. मला नेमका त्याचाच संताप यायचा.

वर्गात तर त्यांचे हालच. आवाज बारीक, मान खाली, शर्टाच्या खिशाला खडूची पूड. पूर्वी गणिताला साठ-सत्तर पोरं असायची तेव्हा ती मागून कोंबड्याची बांग द्यायची. सर फळ्याकडे तोंड करून गणित पूर्ण करायचे आणि बाहेर पडायचे. कुणाला कळलं, कुणाला नाही, विचारायची सोय नव्हती. विचारलं की पुन्हा बांग.

मग दिवस बदलले. हुशार पोरं फार्मसीला जाऊ लागली, उरलेली कॉम्प्युटरला, आणि गणिताच्या वर्गात येऊन जाऊन सहा जण राहिले. ललित, नवीन, मयुरी, भूमिका आणि आणखी दोघे भाऊ, ज्यांची नावं मी आजही उलटसुलट करते. सहाच पोरं म्हणून वर्गाची खोलीही काढून घेतली आणि त्यांना माझ्या वर्गाशेजारी, जिन्याखाली, खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत बसवलं. तिथे फाटक्या जाळ्यांच्या आणि एका मोडक्या कॅरमच्या सोबतीने त्या सहांनी या माणसाचं काय केलं, देव जाणे.

एके दुपारी मी माझ्या वर्गात मूलभूत हक्क शिकवत होते. समोर चार जण, त्यातला एक झोपलेला. आणि भिंतीपलीकडून हा एवढा हशा! माझं डोकंच फिरलं. खडू टाकला आणि तरातरा गेले भांडायला.

दारातून पाहते तर फळ्यापाशी सर नाहीतच. ते शेवटच्या बाकावर मांडी घालून बसलेले, आणि फळ्यापाशी नवीन. हा नवीन बारावीला एकदा आपटलेला, संध्याकाळी बापाच्या वड्याच्या गाडीवर उभा राहणारा. त्याने फळ्यावर अर्धा अधिक पाव अधिक पावाचा अर्धा, असं लांबलचक लिहून पुढे टिंब टिंब टिंब केले होते आणि शेवटी ठोकून दिलं होतं, 'बरोबर अनंत'.

"सर, तुमचा आवाज..." मी सुरुवात केली.

"बसा ना मॅडम," भूमिका सरकून घेत म्हणाली. "नवीन अडकलाय."

माझ्या सगळ्या नोकरीत मला वर्गात कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी बसले.

"याचं चुकलंय ना?" मी हळूच ललितला विचारलं. एवढं मलाही कळत होतं, कारण सरांचा चेहरा खुलला होता.

"चुकलंय ना. पण आमच्यात चूक पुसत नाहीत, मॅडम," ललित म्हणाला. "ती जिथे नेईल तिथपर्यंत सगळ्यांनी जायचं. सरांची चूक असली तरी."

नवीन तावातावाने बाजू मांडत होता. "बेरीज कधी संपतच नाही, तर ती वाढतच जाणार ना? वाढतच गेली तर मावेल कशात?" "पोत्यात," दोघा भावांपैकी एक म्हणाला आणि पुन्हा हशा. पण नवीनला कुणी हसत नव्हतं. नवीनही त्या हसण्यात होता.

मग मयुरीने डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी नवीनच्या हातावर ठेवली. उरलेल्या अर्धीतली अर्धी मोडून तीही ठेवली. मग उरलेल्या चतकोरातली अर्धी. असं करता करता तिच्या हातात एक चिमूटभर तुकडा राहिला, तरी ती तो मोडतच होती आणि सगळे मान पुढे काढून बघत होते. नवीन आपल्या हाताकडे बघत राहिला. बराच वेळ कुणी त्याला घाई केली नाही.

"भाकरीच्या बाहेर जातच नाहीये," तो सावकाश म्हणाला. "कितीही दिलं तरी एकाच भाकरीत मावतंय."

सर बाकावरून उठले. त्यांनी काही शाबासकी वगैरे दिली नाही. नुसते नवीनकडे बघत राहिले, आणि माणसाच्या तोंडावर इतका आनंद मी आमच्या इमारतीत तरी कधी पाहिला नव्हता. मलाही कळलं होतं. मला, गणितात कायम काठावर पास होणाऱ्या बाईला, कळलं होतं! नवीनने हातातली भाकरी पुढे केली, सरांनी एक तुकडा तोंडात टाकला, आणि नेमके त्याच वेळी बन्सीलाल आबा दारात उभे राहिले. सोबत बाहेरून कॉलेज बघायला आलेले दोन पाहुणे.

सर तोंडात घास घेऊन उभे. फळ्यावर 'बरोबर अनंत'.

"हे उत्तर बरोबर आहे का?" एका पाहुण्याने विचारलं.

"नाही सर, चूक आहे," भूमिका म्हणाली.

"मग पुसा की," आबा म्हणाले.

"अजून नाही पुसायचं, आबा. आत्ता कुठे कळायला लागलंय." पोरगी अगदी गोड बोलली. पण आबांना 'अजून नाही' म्हणणारं माणूस तालुक्यात शिल्लक नव्हतं. त्यांनी पुढे होऊन स्वतः डस्टर उचललं आणि फळा पुसून काढला. जाता जाता म्हणाले, "सहा पोरं, एक भाकरी आणि एक मास्तर. खोली फुकट अडकून पडलीय."

त्या दिवसापासून वर्गाच्या मागे साडेसाती लागली. स्टाफरूममध्ये लीलाधर सर विचारू लागले, "वना सर, उद्या गणितात काय, वरण-बट्टी?" प्राचार्यांनी खुलासा मागितला. कुणीतरी पिल्लू सोडलं की सर पोरांच्या डब्यावर जगतात. मी लीलाधर सरांना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या प्रयोगशाळेत गेल्या दिवाळीपासून गॅस नाही, तिथे निदान वरण तरी शिजवा." त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. बरंच झालं.

आणि मी? मी रोज माझा तास संपला की जिन्याखाली जाऊन बसू लागले. गणितासाठी नाही. ती पोरं एकमेकांना ज्या तऱ्हेने धरून नेत, ते बघायला. एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याला आधी मागचं सगळं सांगायचं, मगच पुढे जायचं, हा त्यांचाच नियम होता. सर एखाद्या पायरीवर घसरले की भूमिका म्हणायची, "सर, थांबा, आपण इथे सगळेच पडलो." आपण सगळेच! माझ्या वर्गात मी एकटी पडते आणि सगळे बघतात.

आता आखाजीबद्दल सांगितलं पाहिजे. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आंबे. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, बाप्ये दिवसाढवळ्या पत्ते कुटत बसणार, आणि सालदाराचं साल संपणार. सालदार म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेला गडी. त्याचं वर्ष आखाजीला भरतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. कागद नाही, सही नाही. अंगणात पाच माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोर दोघांनी शब्द द्यायचा. एकदा दिला की पुढच्या आखाजीपर्यंत मालकाला फिरता येत नाही आणि गड्यालाही नाही. आजकाल सालदार मिळत नाहीत, पण जिथे आहेत तिथे अजून हेच.

आबांनी ही पद्धत संस्थेलाही लावली होती. आमच्या बदल्यांचे कागद जूनमध्ये निघत, पण बदली व्हायची ती आखाजीला, आबांच्या अंगणात. कडुनिंबाखाली एकीकडे सालदार जमिनीवर बसलेले आणि दुसरीकडे आम्ही प्राध्यापक खुर्च्यांवर. फरक तेवढ्या खुर्चीचाच. मधे गावकऱ्यांचा पत्त्यांचा फड.

त्या आखाजीला आबांनी आधी आपले दोन सालदार ठरवले आणि मग, त्याच आवाजात, आमच्याकडे वळले.

"गणिताचा वर्ग बंद. पोरांनी तिसऱ्या वर्षाला धुळ्याला जावं, तिथे कॉलेजं पडलीयत. जिन्याखालची खोली नव्या कोर्सच्या ऑफिसला लागेल. वना सर, पिंपळनेरकडे आपली शाळा आहे, आठवीला गणिताला माणूस नाही. तिकडे जा."

"बरं," वना सर म्हणाले.

मी उभी राहिले. "आबा, चौघं पोरं जातील कशीतरी. दोघी पोरींचं काय?"

उत्तर आलं ते पत्त्यांच्या फडातून. भूमिकाचा बाप प्रेमराज, हातातली पानं खाली न ठेवता म्हणाला, "मनी आंडेरनं, मनी पोरनं, मी देखसू, मॅडम. रोज धुयाले एकली पोर धाडाले मी काय येडा शे का? शिकनी तितलं बस." शेजारी मयुरीचा बाप बसला होता. त्याने मान हलवली. जे प्रेमराज करील ते तो करणार, हे गावाला ठाऊक होतं.

तेव्हा वना सर खुर्चीवरून उठले आणि पत्त्यांच्या फडापाशी जाऊन उकिडवे बसले. "प्रेमराज भाऊ, मधेच तोडू नका. ती पोरगी फार पुढे जाईल. आणि ती नसली तर बाकीचे पाचही अर्धेच राहतील. त्यांचं सगळ्यांचं मिळून एक डोकं झालंय."

प्रेमराज चिडला. सगळ्यांसमोर मास्तर शिकवायला आला याचाच त्याला राग. त्याने पानं आपटली.

"तुमनं काय जास बोलाले? तुम्ही जाशात का तिनासंगे रोज धुयाले? बठशात का वरीसभर त्या लाल डब्बामा? जात व्हशात तर धाडसू मी!"

फड हसला. मास्तरचं तोंड बंद करायला फेकलेला टोमणा होता तो. आमचे सर कधी कुणाला 'नाही' म्हणाले नव्हते, हे प्रेमराजला माहीत नसावं.

"जासू," सर म्हणाले.

"आं?"

"वरीसभर जासू. आठे पाच मानसं बठेल शेतस. शब्द व्हई गया, प्रेमराज भाऊ."

हसणं थांबलं. प्रेमराजने इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात अभिमन नाना बसले होते, गावात सालदारकीच्या शब्दांना साक्षीला राहून म्हातारे झालेले. त्यांनी विडीची राख झटकली. "व्हई गया," ते म्हणाले. "आखाजी शे. आते फिरता नही येवाव." प्रेमराजचं तोंड असं झालं की मला त्या अंगणात टाळी वाजवावीशी वाटली. आखाजीच्या दिवशी, पाच माणसांत, इतकं मोजूनमापून बोलायचं असतं हे खानदेशातल्या शेतकऱ्याने विसरावं!

आबा खुर्चीत पुढे सरकले. "आणि नोकरी? पिंपळनेर?"

"मना बाप भिकन याच अंगनमा तुमना वडीलना सालदार व्हता, आबा," सर म्हणाले. मी त्यांना आबांशी अहिराणीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. "आखाजीले मालक गडी बदलस. गडी बी मालक बदलस."

परतताना मी रस्त्यातच त्यांच्यावर तोंड सोडलं. पोरीला सोबत करायला कुणी कायमची नोकरी सोडतं का? लोक काय म्हणतील? अक्कल कुठे गहाण टाकली? सर चालत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी इतकी वर्षं भिंतीला शिकवलं. आत्ता कुठे माणसं भेटली. ती अर्ध्यात सोडून मी आठवीत जाऊन काय करू?" घरी त्यांच्या आईला, सुंदरबाईंना, मी हे सगळं रागारागाने सांगितलं, की त्या तरी समजावतील. त्यांनी विचारलं, "पाच जनसमोर बोलना ना?" मी म्हटलं, हो. "मंग काय उरनं?" म्हणाल्या आणि आंबे पिळायला लागल्या.

सरांनी उरलेली रजा लावली आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला. आबांनी तो अडवून ठेवायचा प्रयत्न केला, पण मीही आबांच्या ऑफिसला चकरा मारून मारून त्यांना जीव नकोसा केला. शेवटी सुटला.

आणि मग ते साल सुरू झालं. सकाळच्या बसने सहा पोरं आणि एक मास्तर धुळ्याला. तिथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गच्च भरलेला वर्ग. शिकवणारे पुस्तक वाचून दाखवायचे आणि निघून जायचे. आमचे सहा मागच्या बाकावर, ओळख ना देख. सरांना आत जायची मुभा नाही. ते आवारातल्या एका कट्ट्यावर दिवसभर बसून राहायचे. एकदा वॉचमनने हटकलं.

"कोण तुम्ही?"

"पोरींसोबत आलोय."

"बाप का?"

"नाही."

"मग कोण?"

"सालदार," सर म्हणाले. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. विद्यापीठाच्या पेपर तपासणीला ज्याला मानाने बोलावत, तो माणूस वॉचमनला जाब देत होता. मला त्या वॉचमनचा राग आला, आबांचा आला, प्रेमराजचा आला आणि सगळ्यात जास्त या हसणाऱ्या माणसाचा आला.

हिवाळ्यात मी कामासाठी धुळ्याला गेले होते. येताना मुद्दाम त्यांच्या बसमध्ये चढले. गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. मागच्या लांब सीटवर पोरं कोंबलेली आणि सर खाली, इंजिनाच्या तेलाच्या डब्यावर बसलेले. दिवसभरात तिकडे जे डोक्यावरून गेलं ते इथे खाली उतरवलं जात होतं. काचेवरच्या धुळीत बोटाने लिहून ललित काहीतरी मांडत होता. भूमिका त्याला अडवत होती, दोघे भाऊ तिला अडवत होते.

"ओ मास्तर, बस आहे ही, शाळा नाही!" पुढून एक जण खेकसला. "डोकं उठवलं रोज रोज!"

"उठलं असेल तर इकडे आणा, वापरतील ती पोरं," मी तिथूनच ओरडले. कंडक्टर हसला. तो माणूस माझ्याकडे बघून गप्प झाला. माझ्याकडे बघून बरेच जण गप्प होतात.

मग मी पाहिलं, नवीन बोलत होता. वड्याच्या गाडीवरचा, बारावीला आपटलेला नवीन, मयुरीला समजावत होता. घाई न करता, ती जिथे अडली तिथे मागे जाऊन, पुन्हा हात धरून. सर मधे एक शब्द बोलले नाहीत. हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. बस खड्ड्यातून उडाली, त्यांचं डोकं दांडीवर आपटलं, तरी त्यांचं लक्ष हललं नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला. माझी पगाराची नोकरी, माझा पंखा असलेला वर्ग, माझी खुर्ची, सगळं देऊन मी तो तेलाचा डबा घेतला असता.

स्टॉपवर रोज संध्याकाळी प्रेमराज हाताची घडी घालून उभा. पोरगी उतरली की तिला पुढे घालून चालता व्हायचा. वर्षभरात त्याने सरांना कधी रामराम घातला नाही. एकदा चिमठाण्याजवळ गाडी बंद पडली आणि सगळ्यांना यायला अंधार झाला, तर त्याने भर चौकात सरांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. सरांनी त्या ऐकून घेतल्या. भूमिका मधे पडायला गेली तर म्हणाले, "घरी जा, उद्याची गाडी चुकेल."

गेल्या महिन्यात परीक्षा संपल्या. सहाही जणांचे पेपर चांगले गेले. शेवटच्या पेपरनंतर मी बघत होते, सरांचं घर माझ्या घरासमोरच आहे. रोज सकाळी बसच्या वेळी हा माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसायचा. बस जायची. मग उठून आत जायचा. सुंदरबाई मला म्हणाल्या, "याले कोनी तरी पोरं आनी द्या वं." आणायची कुठून? आमच्या कॉलेजात आबांचा नवा कोर्स सुरू होता आणि जिन्याखाली एसी लागला होता.

आणि आखाजी आली. मी सरांकडे जेवायला होते. पुरणाचे मांडे आणि आमरस. पानावर बसलो तोच दारात प्रेमराज. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला,

"मास्तर, साल भरनं."

"भरनं," सर म्हणाले.

"पोर म्हनस, अमळनेरले एम.एस्सी. करसू. दोंडाईचाथून रेल्वेनी येवजाव." तो आमच्याकडे न बघता भिंतीशी बोलत होता. "मयुरीना बाप बी तयार शे. ललित नी नवीन बी जाई ऱ्हायनात. तुम्ही आनखी दोन साल ऱ्हाशात का?"

मी सरांकडे पाहिलं. एवढी वर्षं कुठलंही फडतूस काम समोर आलं की 'बरं' म्हणणारा माणूस, आणि आता त्याला जगात जे एकच हवं होतं ते कुणीतरी दारात आणून ठेवलं होतं. रेल्वेचा डबा, तीच पोरं, आणखी दोन वर्षं. त्यांचा हात आमरसाच्या वाटीत तसाच राहिला. म्हणा, मी मनात ओरडले, म्हणा ना 'बरं'!

"नही," सर म्हणाले.

प्रेमराजला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. मलाही तसंच वाटलं.

"मी नही येवाव," सर पुन्हा म्हणाले. "वरीसभर तुम्ही मना भरोसावर धाडं. आते तिना भरोसावर धाडा. ती एकली जाई, मयुरी शे, बाकीना शेतस. मी संगे ऱ्हायनू तं तुम्ही कव्हयच तिले एकली धाडाव नहीत."

प्रेमराज लाल झाला. "मास्तर लोके बठ्ठा सारखाच! आंडेरले येड लाई दिधं, नी आते हात झटकी ऱ्हायनात! कोनी सांगेल व्हतं शिकाडाले? आं?" आणि पुढे बरंच. सुंदरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मी उठून त्याला चांगलं सुनावणार होते, पण सरांनी हाताने मला खाली बसवलं.

शिव्या देत देतच प्रेमराज ओटा उतरला. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला आणि पाठमोराच उभा राहिला.

"अमळनेरनी गाडी सकायले कितली वाजता शे?"

सरांनी वेळ सांगितली.

"नी येवानी?"

सरांनी तीही सांगितली, मागाहून दुसरी एक आहे तीसुद्धा, आणि कुठल्या गाडीला बायकांचा डबा कुठे लागतो तेही. प्रेमराजने फाटक आपटलं आणि गेला. सर अमळनेरला कधी जात नाहीत. त्या गाड्या त्यांनी कशासाठी पाठ करून ठेवल्या होत्या ते मी विचारलं नाही. त्यांचं पान तसंच होतं, आणि सुंदरबाई त्यांच्या ताटात आणखी एक मांडा वाढत होत्या.